बे एरिया: राहणारे का राहतात, जाणारे का जातात?

ओसरी (धागाकर्ती)

कॅलिफोर्निया सोडण्यावरून इकडे बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात, दोनच वाक्यं कानावर पडतात. गेलेले म्हणतात, "वेडे आहात, एवढ्या पैशांत इकडे पाच बेडरूम आणि स्विमिंग पूल येतो." राहिलेले म्हणतात, "जा जा, ऑगस्टमध्ये फोन कर." दोन्हीकडचे लोक स्वतःचीच समजूत घालत असतात असा मला दाट संशय आहे, म्हणून हा धागा.

आधी थोडं वास्तव. २०२० च्या जनगणनेनंतर कॅलिफोर्नियाने इतिहासात पहिल्यांदाच काँग्रेसमधली एक जागा गमावली, ५३ च्या ५२ झाल्या. पुढची एक-दोन वर्षं लोकसंख्या खरोखर घटली, मग पुन्हा किंचित वाढली. म्हणजे राज्य ओस पडतंय या बातम्या फुसक्या. चार कोटींच्या आसपास माणसं अजून इथेच आहेत. पण आपल्या ओळखीपाळखीत शाळांना सुट्टी लागली की निरोपाची पॉटलक (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायची जेवणं) सुरू होतात, हेही खरं.

आम्ही फ्रीमाँटला टाउनहाउसमध्ये. दोघांच्या नोकऱ्या, मुलगी सहावीत. नवऱ्याचं मन नॉर्थ कॅरोलिनात रॅलीजवळच्या केरीत जाऊन बसलंय, माझं ठरत नाही. राजकारण कृपया नको. तुमचं खरं कारण लिहा. खरं म्हणजे सासूबाईंना सांगितलेलं नव्हे.

खटपट्या

हवा. विषय संपला, धागा बंद करा.

अळूवडी

खटपट्या, तुम्ही चेष्टेत लिहिलंत, पण मी गंभीरपणे अनुमोदन देते. सनीव्हेलमध्ये मे ते सप्टेंबर पाऊस जवळजवळ नाही, दमटपणा नाही, डास औषधापुरते. दुपारी तापलं तरी रात्री पांघरूण लागतं. परसात लिंबू बारमाही आणि कढीपत्ता चक्क जमिनीत लावलेला.

पण माझं खरं कारण सासरे. त्यांना इथे गाडी चालवता येत नाही. तरी रोज संध्याकाळी पायी बागेत जातात, तिथे गुजराती, तेलुगू, पंजाबी आजोबांचा कट्टा आहे, सहा महिने कसे जातात कळत नाही. धाकटे दीर न्यू जर्सीत आहेत. तिकडे गेले की नोव्हेंबर ते मार्च सासरे खिडकीशी बसून बर्फ बघतात आणि मुलगा ऑफिसातून कधी येतो याची वाट. लोक हवेला चैन समजतात. घरात म्हातारं माणूस असलं की कळतं ती काय आहे.

पांढरा_रस्सा

मी गेलेल्यांपैकी, त्यामुळे हक्काने लिहितो. मिल्पिटासहून २०२० च्या शेवटी ऑस्टिनजवळ राउंड रॉकला आलो. राज्याचा इन्कम टॅक्स शून्य, हे सगळ्यांनाच माहीत असतं. जे कोणी सांगत नाही ते सांगतो.

प्रॉपर्टी टॅक्स इकडे दोन टक्क्यांच्या आसपास आणि मूल्यांकन दरवर्षी नव्याने. राहत्या घराला वर्षाला १० टक्के वाढीची मर्यादा आहे म्हणे! कॅलिफोर्नियातल्या वर्षाला २ टक्के वाढीच्या मर्यादेची सवय झालेल्याला ही मर्यादा वाटतच नाही. मग शेअर्स. कॅलिफोर्नियात असताना मिळालेले आरएसयू (कंपनीने पगाराबरोबर देऊ केलेले शेअर्स) इकडे आल्यावर व्हेस्ट झाले, म्हणजे खरोखर हातात आले, मी खूश. तर ग्रँटपासून (देऊ केल्यापासून) व्हेस्टपर्यंतच्या काळातले जितके कामाचे दिवस कॅलिफोर्नियात गेले, तितक्या हिश्शावर टॅक्स कॅलिफोर्नियालाच. राज्य सोडलं तरी राज्य आपल्याला लगेच सोडत नाही.

आणि फेब्रुवारी २०२१. टेक्सासची ग्रिड उरलेल्या देशापासून जवळपास तुटलेली, त्यामुळे थंडीत वीजनिर्मिती कोसळल्यावर बाहेरून पुरेशी वीज आणायची सोयच नव्हती. आम्ही अंगणातला बर्फ बादलीत वितळवून फ्लशला वापरला. आईने कोल्हापुरात फोनवर ऐकलं आणि म्हणाली, अमेरिकेतच आहेस ना रे?

आता परत येणार का म्हणाल तर नाही. आईवडील आले की खालच्या मजल्यावर त्यांची स्वतंत्र खोली आहे, जिना चढावा लागत नाही. मिल्पिटासला ते हॉलमधल्या सोफा-कम-बेडवर झोपायचे आणि वडील पहाटे उठून आवाज न करता दोन तास नुसते बसून राहायचे. मी त्या खोलीसाठी आलो. टॅक्स वगैरे नंतर जोडलेली कारणं.

नागपुरी_संत्रं

ऑस्टिनवाल्यांनी उन्हाबद्दल बोलू नये. मी अॅरिझोनात फिनिक्सजवळ चँडलरला राहतो. २०२३ च्या जुलैत फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट किंवा त्याच्या वर होता, म्हणजे आपल्या ४३ च्या पुढे. नागपूरकराला ऊन शिकवायची गरज नाही, पण आमच्या नागपुरात मे संपला की जूनमध्ये पाऊस तरी येते. इथे रात्री बारा वाजता पण हवा गरमच. राज्याचा इन्कम टॅक्स मात्र सरसकट अडीच टक्के आणि सेमीकंडक्टरवाल्यांना नोकऱ्या बख्खळ. सॅन होजेहून आलो, घर घेतलं, सुखी आहे. मे ते सप्टेंबर घराबाहेर पडत नाही एवढंच.

जुनं_खोड

१९९६ पासून क्युपर्टिनोत. आम्ही का राहतो याचं उत्तर हवेत नाही, कायद्यात आहे. वकील नाही, पण स्वतःच्या घराचा हिशेब पाठ आहे.

१९७८ साली मतदारांनी प्रपोझिशन १३, म्हणजे घरपट्टीला लगाम घालणारा कायदा, मंजूर केला. घर ज्या किमतीला घेतलं तिच्या १ टक्का कर, वर स्थानिक रोख्यांचं थोडंफार, आणि मूल्यांकन वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढणार. विकलं की नव्या मालकाला नव्या किमतीपासून सुरुवात. आम्ही साडेतीन लाखांना घेतलेलं घर करापुरतं आज फार तर सव्वासहा लाखांचं आहे. वर्षाला साडेसात हजार डॉलर भरतो. शेजारी तसंच घर, बांधणीचं तेच वर्ष, तोच नकाशा. तरुण जोडप्याने २४ लाखांना घेतलं. ते भरतात २८ हजारांच्या पुढे. कचरागाडी दोघांकडे मंगळवारीच येते.

मग विकून मोकळे का होत नाही? नफ्यातले नवराबायकोला मिळून ५ लाख डॉलर करमुक्त. ही रक्कम १९९७ साली ठरली आणि महागाईप्रमाणे कधी वाढलीच नाही. आमचा नफा वीस लाखांच्या घरात. केंद्राचा आणि राज्याचा मिळून पाच लाखांच्या आसपास कर. आता गंमत ऐका. हे राज्य नवराबायकोची मालमत्ता सामाईक मानतं, त्यामुळे दोघांपैकी एक गेला की सगळ्या घराची खरेदी किंमत त्या दिवसाच्या बाजारभावाला आणून ठेवली जाते. नफा पुसला गेला. आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही म्हणतात, इथे एक मेल्यावर दुसऱ्याला दिसतो. सौभाग्यवती हल्ली मला सकाळी उठवताना जरा निरखून बघतात.

तर आम्ही दोघं चार बेडरूममध्ये. त्यातल्या तीन वर्षभर बंद.

भाडेकरू_नंबर_एक

काका, आदर ठेवून लिहितो. १९९६ साली मी तिसरीत होतो. माझ्याकडून फार उशीर झाला.

तुमच्या त्या बंद तीन बेडरूम आणि माझं सँटा क्लारातलं दोन बेडरूमचं भाडं यांचा थेट संबंध आहे. तुम्ही विकत नाही, तुमच्यासारखे हजारो विकत नाहीत, बाजारात येणाऱ्या मूठभर घरांवर आमच्या पिढीच्या उड्या. काउंटीत साध्या स्वतंत्र घराची मधली किंमत २० लाख डॉलरला जाऊन टेकली आहे. नवीन बांधायला निघालं की नगरपालिकेच्या सभेत सावली पडते, गर्दी होते, शाळा भरते म्हणून हात वर करणारेही बहुतेक जुने घरमालकच असतात.

मग मी का राहतो? एच-वन-बी, म्हणजे नोकरीला बांधलेला व्हिसा. नोकरी गेली तर ६० दिवसांत नवी मिळाली पाहिजे, नाहीतर गाशा गुंडाळा. २०२२-२३ च्या कपातीत माझी गेली होती. त्या ६० दिवसांत ज्या सात-आठ ठिकाणी मुलाखती झाल्या ती सगळी ऑफिसं घरापासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत. घर न हलवता, बायकोची नोकरी न सोडवता, मुलाची शाळा न बदलता दुसरी मिळाली. हे ऑस्टिनला जमलं असतं? कदाचित. केरीला? मला छातीठोकपणे नाही म्हणता येणार, पण जुगार खेळायची हिंमत नाही. शिवाय इथे १८७२ पासून कायदा आहे की प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नको असा करार कंपनी नोकराच्या गळ्यात बांधू शकत नाही. आज राजीनामा, सोमवारी समोरच्या बिल्डिंगमध्ये रुजू.

भाडं म्हणजे मी या ६० दिवसांचा विमा भरतो असं समजतो. ग्रीन कार्डाची रांग भारतीयांसाठी किती लांब आहे हे इथे कुणाला सांगायला नको. ते हातात येईल तेव्हा बहुधा मीही जाईन.

गिरगावकर_१०१

मुंबईहून वाचतोय, अमेरिका फक्त नकाशात पाहिली आहे. पण जुनं_खोड यांचं वाचून आमची चाळच आठवली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. पागडीच्या खोलीत बसलेला माणूस उठेना, कारण उठला तर तसं भाडं पुन्हा जन्मात मिळणार नाही. मालक डागडुजी करेना, कारण भाड्यात रंगाचा डबाही येत नाही. पोरं लग्न झाल्यावर डोंबिवली, बदलापूर, विरार. म्हातारे गिरगावात. फरक एवढाच की आमच्याकडे फायदा भाडेकरूला, तुमच्याकडे मालकाला. जो आधी येऊन बसला तो राजा, हे दोन्हीकडे सारखं.

खटपट्या

गिरगावकर +१००. क्युपर्टिनोची चाळ :)

जुनं_खोड

भाडेकरू, रागावलो नाही. तुमचं म्हणणं बरोबरच आहे, फक्त उपाय माझ्या हातात नाही. आणि पोरं विरारला जातात हेही तंतोतंत. आमचा मुलगा इथेच वाढला, इथलीच सरकारी शाळा, इथलंच विद्यापीठ. शिकागोत राहतो. इथे घर परवडत नाही म्हणून. पूर्वी आईबापांचं घर त्यांच्या जुन्या करासकट मुलांना मिळायचं, मुलं तिथे राहोत वा न राहोत. २०२० च्या प्रपोझिशन १९ नंतर मुलगा स्वतः त्या घरात राहायला आला तरच, आणि तेही एका मर्यादेपर्यंत. तो येणार नाही. त्याच्या मुलीला बर्फ आवडतो.

हळदीचं_पान

तुम्ही सगळे आयटीवाले गणितं करून राहता किंवा जाता. माझा घरगुती डब्यांचा व्यवसाय आहे, मी वेगळी माणसं बघते.

माझ्याकडे मदतीला एक मेक्सिकन बाई होती. पोळी अशी लाटायची की आमच्या सांगलीत सासू म्हणून मिरवली असती. पहिल्यांदा सॅन होजेत राहायची, दोन कुटुंबं मिळून एक अपार्टमेंट. भाडं वाढलं, गिलरॉयला गेली. तिथून लॉस बॅनोस. पहाटे साडेतीनला उठून पचेको पासवरून गाडीने यायची, तिचा नवरा बांधकामावर, तोही त्याच गाडीत. मुलं शेजारणीकडे झोपलेली सोडून. एक दिवस म्हणाली, भावाने नेवाडात रीनोला बोलावलंय, गोदामात दोघांनाही काम आहे. गेली. कुठल्याही पॉटलकशिवाय गेली.

राज्य सोडणारे म्हणजे करोडपती आणि त्यांच्या कंपन्या, असं बातम्यांत रंगवतात. वर्षानुवर्षं इथून बाहेर पडणाऱ्यांत खरा मोठा भरणा कमी आणि मध्यम कमाईच्या लोकांचा आहे. त्यांच्यासाठी राज्याच्या सगळ्यात वरच्या १३.३ टक्के इन्कम टॅक्सचा प्रश्नच नाही, तो वर्षाला दहा लाख डॉलरवर कमावणाऱ्यांना. त्यांना भाडं घालवतं. आता मला माणूस मिळत नाही, मी डब्याचे दर वाढवलेत, आणि तेच आयटीवाले विचारतात की काकू एवढा महाग का. काय सांगू?

अळूवडी

काकू, डबा सुरू ठेवा हो. आमच्या घरी शुक्रवार तुमच्यावर चालतो.

अल्टामाँटचा_वारा

ना राहिलेला ना गेलेला, असा एक तिसरा वर्ग आहे, त्याचा प्रतिनिधी. माउंटन हाउसला घर घेतलं, ट्रेसीच्या अलीकडे. २०२४ साली ते अधिकृत शहर झालं, तोवर नुसती वसाहत होती. अर्ध्या किमतीत दुप्पट घर. वर मेलो-रूझ नावाचा वेगळा कर, कारण रस्ते, शाळा, बागा सगळं नव्याने बांधायचं तर पैसे तुमच्याकडूनच.

करोनात घरून काम होतं तेव्हा आम्ही शहाणे ठरलो. मग ऑफिसने आठवड्यातून तीन दिवस बोलावलं. सकाळी ५८० हायवेवर अल्टामाँटच्या पवनचक्क्यांखाली लाल दिव्यांची रांग बघितली की लोकल बरी वाटते. स्टॉकटनहून सॅन होजेला एक रेल्वे जाते, ती पकडली तर डुलकी तरी मिळते, पण सकाळच्या मोजक्याच गाड्या. मुलगा झोपेत असताना निघतो, झोपताना पोहोचतो. तरी वस्तीत भारतीय एवढे की गणपतीत आमच्या गल्लीत आरत्यांचे वेळापत्रक लावावे लागते.

वसई_टू_ओरिंडा

आगीबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून. आम्ही टेकडीवर, झाडांत. दृश्य बघून घर घेतलं. ९ सप्टेंबर २०२० ला सकाळी दहाला आकाश गडद नारिंगी होतं, रस्त्यावरचे दिवे लागलेले, मुलांना वाटलं रात्र संपलीच नाही. त्याआधी २०१८ च्या नोव्हेंबरात पॅराडाइज गाव जळालं, ८५ माणसं गेली, ते गाव इथून कित्येक मैल दूर, तरी धुराने आमच्याकडच्या शाळा बंद. ऑकलंडच्या टेकड्या १९९१ मध्ये जळल्याच आहेत, २५ बळी. २०२५ च्या जानेवारीत लॉस एंजलिसकडे पॅलिसेड्स आणि अल्टाडीना.

मी आगीमुळे गेले नसते. विम्यामुळे जायची वेळ आली. वर्षानुवर्षं हप्ते घेणाऱ्या विमा कंपनीने एक दिवस पत्र पाठवलं की नूतनीकरण होणार नाही. दुसऱ्या कंपन्या पत्ता ऐकूनच नाही म्हणतात. शेवटी फेअर प्लॅन, म्हणजे ज्याला कुणीच विमा देत नाही त्याच्यासाठीची व्यवस्था. हप्ता जास्त, आणि तो मुख्यतः आगीपुरताच. चोरी, पाणीगळती यासाठी वेगळी पॉलिसी. बँकेचं कर्ज आहे तोवर विम्याशिवाय राहता येत नाही. आणि वारा सुटला की ठिणगी पडू नये म्हणून वीज आधीच बंद करतात ते निराळंच. छतावरच्या पन्हळीतली पाइनची सुकी पानं काढणं हे आता माझं रविवारचं काम.

बाणेरचा_बिल्डर_नाही

एवढा त्रास घेण्यापेक्षा पुण्यात या की. ऊन इथेही आहे.

पांढरा_रस्सा

बाणेरला आता फ्लॅटचा भाव ऐकून मला ऑस्टिन स्वस्त वाटतं. आणि टँकरचं पाणी?

बाणेरचा_बिल्डर_नाही

पाण्यावर बोलणं नाही ठरलं होतं.

परतलेली

सिएटलला जाऊन परत आले आहे, त्यामुळे दोन्ही बाजू माहीत. तिकडेही पगारावर राज्याचा टॅक्स नाही. (मोठ्या भांडवली नफ्यावर २०२२ पासून ७ टक्के लागू झालाय, शेअरवाल्यांनी ध्यानात घ्यावं.) लोक पावसाला घाबरवतात. आपण कोकणातले, पावसाचं काय! पण हा पाऊस पडत नाही, नुसता हवेत लोंबकळतो. डिसेंबरात दुपारी चार-वीसला सूर्य मावळतो. दुसऱ्या हिवाळ्यात मी काहीही कारण नसताना रडायला लागले. डॉक्टरांनी व्हिटॅमिन डी आणि प्रकाशाचा दिवा दिला. मी नवऱ्याला म्हटलं, दिव्यापुढे बसायला मी मेथीची जुडी आहे का?

परत आलो, पण घर विकून गेलो होतो. त्याच सॅन रमोनमध्ये आता भाड्याने राहतो. आमचं जुनं घर ज्यांनी घेतलं त्यांच्या मुलीच्या वाढदिवसाला आमची मुलगी जाते. वाईट वाटतं का? वाटतं. पण खिडकीतून ऊन येतं.

नागपुरी_संत्रं

इकडून थोडं ऊन पाठवू का?

ओसरी (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा खूपच जास्त मिळालं. माझं खरं कारण मीच अजून लिहिलं नव्हतं.

२०२१ साली आम्ही कर्ज नव्याने करून घेतलं, २.७५ टक्क्यांनी, नऊ लाख डॉलर. महिन्याचा हप्ता साधारण ३,७००. आज साडेसहा टक्क्यांनी तेवढंच कर्ज काढलं तर ५,७०० च्या जवळ. केरीत घर स्वस्त, राज्याचा टॅक्स चार टक्क्यांच्या आसपास, सगळं मान्य. पण असं कर्ज मला पुन्हा कोण देणार? म्हणजे मीही जुनं_खोड यांच्याच पंगतीत, फक्त पंचवीस वर्षं उशिरा पाट मांडलेली.

दुसरं, मुलीचं कॉलेज. इथल्या रहिवाशाला यूसीची (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, राज्याची सरकारी विद्यापीठं) ट्यूशन वर्षाला १५ हजार डॉलरच्या आसपास, बाहेरच्याला त्यावर आणखी ३० हजारांहून जास्त. पण प्रवेश मिळेल याची खात्री कोण देतं? नवरा म्हणतो, या परिसरातल्या शाळांत ९५ टक्केवाली मुलगीसुद्धा स्वतःला ढ समजते. त्यावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. तिने परवा विचारलं, आई मी हुशार आहे का? सहावीत.

पांढरा_रस्सा

ओसरीताई, तो शेवटचा मुद्दा आमच्याकडे पण होता, लिहायचा राहिला. टेक्सासला वर्गातल्या वरच्या पाच-सहा टक्क्यांना ऑस्टिनच्या विद्यापीठात थेट प्रवेश आहे, म्हणून इकडे काही पालक मुद्दाम साध्या शाळेच्या भागात घर बघतात. माणूस कुठेही गेला तरी गणितं करतोच.

एक सल्ला. घर विकू नका. भाड्याने द्या आणि वर्षभर केरीत भाड्याने राहून बघा. शेवटच्या पाच वर्षांतली दोन त्या घरात राहिलेली असली की ५ लाखांची करमाफी मिळते, म्हणजे बाहेर पडल्यापासून तीन वर्षांच्या आत विकलंत तरी चालतं. ज्या काळात भाडं घ्याल त्या काळातला घसारा मात्र हिशेबात परत येतो.

जुनं_खोड

बरोबर. आणि राज्याचा २०१९ चा भाडेवाढीच्या मर्यादेचा कायदा तुमच्या वैयक्तिक मालकीच्या टाउनहाउसला बहुधा लागू होणार नाही, पण तशी नोटीस भाडेकराराच्या कागदात लेखी द्यावी लागते. लोक तेच विसरतात. फ्रीमाँटचे शहराचे काही नियम आहेत का तेही बघून घ्या.

भाडेकरू_नंबर_एक

ओसरीताई, टाउनहाउस वॉर्म स्प्रिंग्स बार्ट (इथली लोकल रेल्वे) स्टेशनच्या जवळ आहे का? तीन बेडरूम असतील तर व्यनि (खासगी निरोप) करा. जाहिरात द्यायच्या आधी.